मार्फत: सार्वजनिक वाचनालय

आधी काय घडले ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढची कलमे कशासाठी आहेत हे कुणाला विचारत बसावे लागणार नाही.

१. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका इमारतीत लिफ्टचे काम करताना मी केबिनच्या छपरावरून घसरले. सुरक्षापट्ट्याने मला धरले. डोके भिंतीतल्या लोखंडी पट्टीवर आपटले. फोन खाली खड्ड्यात पडून फुटला.

२. रुग्णालयात दाखल करताना मला पत्ता विचारला. मी वाचनालयाचा पत्ता सांगितला.

३. निरोप वाचनालयात गेला. ग्रंथपाल बाई वाचनालयाला कुलूप लावून रुग्णालयात आल्या. माझे घर वाचनालयाच्या बरोबर समोर आहे. आईने खिडकीतून भरदुपारी कुलूप लागताना पाहिले. कशासाठी ते तिला संध्याकाळी कळले.

४. त्याच आठवड्यात वाचनालयाला नोटीस आली. सरकारी नोंदीप्रमाणे तिथे त्रेचाळीस माणसे राहत होती. तपासनीस येऊन पाहून गेला. तिथे कुणी राहत नव्हते.

५. वाचनालयाच्या मंडळाने ठराव केला की यापुढे कुणाचेही खाजगी टपाल घ्यायचे नाही.

६. मी मंडळाला माझ्या घराची बाहेरची खोली टपालासाठी देऊ केली. मंडळाने ती लेखी आणि कायमची मागितली.

७. आईने नकार दिला.

८. सोमवारी मी पुन्हा कामावर रुजू होत आहे.

आता मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, अविवाहित, व्यवसाय लिफ्टची उभारणी आणि दुरुस्ती, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कुणी दबाव टाकलेला नाही आणि मी काय देते व कुणाला देते हे मला नीट कळते. डोक्याला मार लागल्यामुळे पुढे कुणी, विशेषतः मामा, या वाक्यावर शंका घेईल. म्हणून मला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलावले आहे. त्यांनी सही करण्याआधी मला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि पत्ता विचारला. या वेळी घरचा सांगितला.

हे मी वाचनालयाच्या वाचनखोलीत लिहीत आहे. बसून लिहायला घेतले होते. पडल्यापासून मला पाठीमागे मोकळी जागा सहन होत नाही, म्हणून दोनदा टेबल बदलले आणि आता खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहिते आहे. अक्षर बिघडले असेल तर कारण एवढेच.

पत्त्याचे प्रकरण आधी स्पष्ट करावे लागेल, नाहीतर सातव्या कलमाला अर्थ राहणार नाही.

मी शाळेत असताना आईने वडिलांचे घर सोडले. त्यानंतर आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलो. खोली मिळायची, वर्ष पुरे व्हायच्या आत सुटायची. आई औषधांच्या कारखान्यात पाकिटे भरायची. कारखान्याला पत्ता हवा होता, शाळेलाही हवा होता. आईने एक दिवस वाचनालयात येऊन बाईंना विचारले की आमच्या नावाचे काही आले तर ठेवून घ्याल का. तोवर बाईंची आणि तिची ओळख मला पुस्तक बदलून नेण्यापुरती होती. बाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. म्हणाल्या, ठेवीन की, पुस्तकांना पत्रांची अडचण होत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर "मार्फत: सार्वजनिक वाचनालय" असे आहे. वर्गात मुलांनी माझे नाव वाळवी ठेवले.

आमचे टपाल बाईंच्या टेबलाच्या खणात असायचे. पुढे पुस्तकांची यादी संगणकावर गेली आणि यादीच्या कार्डांचे सागवानी कपाट रिकामे झाले. मोडीत काढण्याऐवजी बाईंनी त्याचे छोटे छोटे खण टपालासाठी दिले. खणांवर अक्षरांच्या पट्ट्या आधीच होत्या. एव्हाना आमच्यासारखे बरेच झाले होते: रखवालदार, ज्यांची झोपण्याची जागा म्हणजे कामाची जागा, एका खोलीत पाळीपाळीने राहून परीक्षा देणारी मुले, एक गवंडी, ज्याचा मुलगा त्याच्या हातात कागद पडू देत नाही, घर सोडून आलेल्या बायका. यांतले निम्मे लोक पुस्तक नेत नाहीत. काहींना वाचता येत नाही, त्यांना बाई पत्र वाचून दाखवतात, आवाज न चढवता, मागच्या कपाटांच्या रांगेत. ज्याला पत्ता नाही त्याला नोकरी मिळत नाही, मुलांना शाळा मिळत नाही, न्यायालयाची तारीख कळत नाही. या भागात ही सोय पुस्तकांच्या सोयीइतकीच वापरली जायची. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात तिचा उल्लेख कधी आला नाही, कारण तिला काय म्हणायचे हे मंडळाला माहीत नव्हते.

तपासनीसाला माहीत होते. तो म्हणाला की ही बेकायदा वस्ती आहे. स्वयंपाकघर कुठे आहे असे त्याने विचारले. संदर्भग्रंथांच्या कपाटामागे वाकून पाहिले. मग बाईंना विचारले, "हे लोक रात्री झोपतात कुठे?"

बाई म्हणाल्या, "रात्रीचं माहीत नाही. दिवसा बरेचसे वर्तमानपत्रांच्या टेबलावर झोपतात."

तो हसला नाही. नोटीस कायम राहिली. मी नियम आणून वाचला. नियम असा: दुसऱ्याच्या पत्रव्यवहारासाठी पत्ता देता येतो, पण ते राहते घर असले पाहिजे आणि तिथे राहणाऱ्या माणसाने तशी लेखी संमती दिली पाहिजे. वाचनालयात राहणारे कुणी नाही, म्हणून वाचनालय बसत नाही. समोरचे घर बसते.

कलम १. माझे याआधीचे मृत्युपत्र नाही. कंपनीच्या कागदांवर वारस म्हणून आईचे नाव आहे, ते तसेच राहावे. त्या कागदांवरही माझा पत्ता वाचनालयाचाच आहे. घर घेतल्यावर तो बदलायला हवा होता. हे आईला रुग्णालयातल्या प्रकारानंतर कळले.

कलम २. माझी हत्यारे माझ्या कामावरच्या जोडीदाराला द्यावीत. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते तिच्यात, एकट्याने उतरायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. त्यामुळे प्रत्येकाला एक जोडीदार असतो आणि तो निवडता येत नाही. माझा माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आहे आणि दिवसभर बोलतो. लिफ्टवाली असून तळमजल्यावर घर घेतले म्हणून त्याने मला वर्षभर पिडले. मी पट्ट्यावर लोंबकळत होते तेव्हाही तो बोलतच होता. म्हणाला, "ताई, जेवणाची सुट्टी झाली नाही अजून, झोके नंतर घ्या." हे म्हणता म्हणता त्याने मुख्य स्विच पाडला, ब्रेक तपासला आणि मग दोर घेऊन खाली वाकला. क्रम बरोबर होता.

पान्यांचा पूर्ण संच, मीटर आणि हातदिवा त्याचा. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, देताना त्याला सांगावे की काम झाल्यावर तो सैल करून ठेवायचा असतो. तो ठेवत नाही.

ज्या पट्ट्याने मला धरले तो कुणालाही देऊ नये. एकदा झटका सोसलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. वरून धड दिसतो, आतली वीण तुटलेली असते. तो कापून टाकावा. जोडीदार तो आठवण म्हणून मागतो आहे. देऊ नये.

कलम ३. बँकेतली सर्व बचत आईची. त्यासाठी तिने स्वतः बँकेत जावे. मामाला बरोबर नेऊ नये.

कलम ४. मामा. मामाला माझ्या घरात कोणत्याही प्रकारचा हक्क नाही. हे स्वतंत्र कलम लिहिण्याचे कारण म्हणजे मामा जागेच्या व्यवहारांत मध्यस्थी करतो आणि आमच्याकडे चहाला आला की खोल्यांच्या भिंतींना बोटांनी ठोकून पाहतो. वाईट माणूस नाही. आईने घर सोडले तेव्हा पहिले काही आठवडे त्यानेच आसरा दिला. पण त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. वडिलांनी गोड बोलून विचारले तेव्हा त्यांनाही नाही म्हणता आले नाही आणि आमचे टपाल कुठे येते ते त्याने सांगून टाकले. नंतर म्हणाला, "मी काय घराचा पत्ता दिला का? वाचनालयाचाच दिला ना?"

घर घेतले तेव्हा त्याने दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्याला परत द्यावे.

कलम ५. वडिलांना काही नाही.

मामाने सांगितल्यावर वडील वाचनालयात आले होते. मी मुलांच्या विभागात होते आणि त्यांचा आवाज ओळखून कपाटाआड बसले. त्यांनी आमचे नाव सांगून बाईंना विचारले की ही कुठे राहते. बाईंनी विचारले, सभासद आहात का? ते म्हणाले, नाही. बाई म्हणाल्या की मग आधी सभासद व्हा, सभासदांची माहिती बाहेरच्यांना देत नाही. ते सभासद झाले. त्यांनी पुन्हा विचारले. बाई म्हणाल्या, "सभासदांना पुस्तकं देतो आम्ही. कोणतं देऊ?" खोलीतली सगळी माणसे वर्तमानपत्रे खाली घेऊन पाहत होती. वडिलांना चार लोकांत रिकाम्या हाताने निघवेना. ते कुक्कुटपालनाचे पुस्तक घेऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत.

ते पुस्तक त्यांनी परत करावे. दंड माफ करण्याचा अधिकार ग्रंथपालांना आहे. माझी शिफारस नाही.

कलम ६. ग्रंथपाल बाई. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाईंनी करावी. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होत आहेत, म्हणजे त्यांना वेळ असेल. टपालाचा ठराव मंडळाने केला तेव्हा त्यांनी विरोध नोंदवला आणि मग ठराव पाळला. येणारे प्रत्येक पाकीट त्या आता टपालवाल्याला परत देतात.

त्यांना काय द्यावे हे मला ठरवता आलेले नाही. घराची एक किल्ली देणार होते. आईने मला रुग्णालयात एकच गोष्ट ऐकवली होती: "तुझं सगळं आधी तिला कळतं." म्हणून किल्ली नाही. माझा वाचायचा दिवा बाईंना द्यावा. त्याची मान कोणत्याही कोनात थांबते.

हे कलम लिहून मी बाहेर जाऊन आले. समोर आमच्या घराची खिडकी उघडी होती आणि आई पडदा झटकत होती. तिने मला पाहिले. मी हात केला नाही, तिनेही नाही. परत आले.

कलम ७. घर.

वाचनालयासमोरचे, तळमजल्यावरचे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. कर्ज फिटलेले आहे. त्याची व्यवस्था दोन प्रकारे लिहीत आहे. दोन्हींतली एकच लागू होईल. कोणती, हे मी ठरवणार नाही.

(अ) संपूर्ण घर आईचे, पूर्ण मालकीने. तिने त्यात राहावे, ते विकावे, कुलूप लावून ठेवावे. कुणी तिला कारण विचारू नये. पुढचा (आ) तिच्या सहीने लागू झाला नाही, तर हीच माझी इच्छा धरावी.

(आ) आतली खोली आणि स्वयंपाकघर आईचे, पूर्ण मालकीने. गल्लीकडची बाहेरची खोली वाचनालयाची, लोकांच्या टपालासाठी आणि फक्त त्यासाठीच. हे आईची लेखी संमती या कागदाला जोडलेली असेल तरच लागू होईल.

(आ) लागू झाल्यास अटी अशा. कार्डांचे कपाट त्या खोलीत हलवावे. पत्ता मागणाऱ्याला तो का हवा हे विचारू नये. सभासद असण्याची सक्ती करू नये. कुणाचे टपाल येते, हे नवरा, बाप, भाऊ, घरमालक, मुकादम यांपैकी कुणालाही सांगू नये. विचारणाऱ्याला पुस्तक द्यावे. वाचनालयाचा माणूस रोज संध्याकाळी टपाल वाटायला बसावा आणि खोलीत आईने एकटीने बसावे अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. खोलीला गल्लीकडून वेगळे दार पाडावे. नकाशा मी काढला आहे, ती भिंत भार घेणारी नाही. मधल्या दाराची कडी आतल्या बाजूने. आईच्या दारावरची पाटी हलवू नये, तिच्याशेजारी दुसरी लावू नये. आणि आईला वाटेल त्या दिवशी, कारण न देता, हे सर्व बंद करण्याचा अधिकार ती असेपर्यंत तिला आहे.

शेवटची अट मंडळाच्या चिटणीसांना मान्य नव्हती. ते शिंपी आहेत आणि बोलताना हाताने माप घेतात. म्हणाले, कायमचे द्यायचे तर असे टाचून कसे द्यायचे, पक्की शिलाई हवी. मी म्हटले, टाचूनच मिळेल. त्यांनी मंडळाकडून होकार आणला.

पाटीबद्दल. घराचा ताबा मिळाला त्या दिवशी सामान यायच्या आधी आईने दारावर पाटी लावली. ती तिने परस्पर करून घेतली होती. वर तिचे नाव, खाली माझे. भोके मी पाडली. पाटी सरळ आहे की नाही ते पाहायला ती गल्ली ओलांडून वाचनालयाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि तिथून मला हाताने खुणा करत राहिली, थोडी डावीकडून वर, अजून थोडी. लेव्हल लावली तर पाटी आधीच सरळ होती. मी तिच्या खुणांप्रमाणे हलवली. ती आजही थोडी तिरकी आहे.

मी बाहेरच्या खोलीचा विषय काढला तेव्हा नकाशा टेबलावर पसरला होता. दाराची जागा, कडी, कपाटाची रुंदी, सगळे दाखवले. आईने नकाशा पाहिला नाही. ती म्हणाली:

"इतकी वर्षं लोक विचारायचे, कुठे राहता? मी म्हणायची, वाचनालयाजवळ. जवळ. खोली कुठेही असो, मी आपली वाचनालयाजवळ राहायची. आता कुठे मी म्हणते, इथे राहते. हे दार माझं. आणि तू त्याच्यासमोर रांग लावणार?"

मी म्हटले की ही सोय तिनेच सुरू केली होती.

"सुरू केली? अगं, भीक मागितली मी. बाईंनी ती भीक वाटू दिली नाही, तो त्यांचा मोठेपणा. म्हणून ती गोष्ट चांगली होत नाही." मग म्हणाली, "आणि त्या बायकांच्या मागे त्यांचे नवरे येतील. तेव्हा मध्ये बाई होत्या, टेबल होतं, वाचत बसलेली माणसं होती. इथे कोण आहे? तू तर त्या विहिरीत लटकलेली."

शाफ्टला ती विहीर म्हणते.

या प्रश्नाला माझ्याकडे कडी होती, वेगळे दार होते, संध्याकाळी बसणारा माणूस होता. मी ते सगळे सांगितले. उत्तर अपुरे आहे हे मला सांगतानाच कळत होते. खोलीत बसलेली माणसे मला कोणत्याही नकाशात दाखवता येत नाहीत. वाचनालय जे करू शकत होते ते चार भिंती करत नव्हत्या. एखादा माणूस तावातावाने आत यायचा आणि सगळे वाचणारे मान वर करायचे, तेवढ्याने काम व्हायचे.

मग ती म्हणाली, "रुग्णालयात तू पत्ता कोणता सांगितलास ते आठवतं ना? तुला स्वतःलाच हे घर पाठ नाही, आणि निघालीस दुसऱ्यांना वाटायला."

मी नकाशा गुंडाळला. त्यानंतर या विषयावर आमचे बोलणे झालेले नाही. इतर बोलणे होते: गॅस, दूध, गोळ्या.

जे नंतर घडले तेही लिहिते, कारण त्याचा या कलमाशी संबंध आहे.

गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाली बसते. तिचा मुलगा सासरच्यांनी ठेवून घेतला आहे आणि तो मिळावा म्हणून तिने दावा लावला आहे. तिचा पत्ता वाचनालयाचा होता. ठरावानंतर आलेले न्यायालयाचे पहिले पाकीट वाचनालयाने परत पाठवले. त्यात सुनावणीची तारीख होती. ती तारीख तिच्याशिवाय झाली. ती वाचनालयात येऊन कपाटासमोर उभी राहिली आणि आपल्या अक्षराचा खण उघडून पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. बाईंनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, "बसून काय करू बाई, मला उभंच राहू द्या." मी त्या वेळी तिथे होते. मला ते नीट कळले.

दुसरे पाकीट या मंगळवारी आले. आमचा टपालवाला जुना आहे. मी शाळेत होते तेव्हापासून माझी पत्रे त्यानेच वाचनालयात टाकली. वाचनालयाने पाकीट घेतले नाही, तेव्हा ते परत पाठवण्याऐवजी तो गल्ली ओलांडून आमच्या दाराशी आला आणि आईला म्हणाला की तुमच्या लेकीने खोली देऊ केली आहे असे ऐकतो, तर इस्त्रीवालीचे एवढे एक घ्याल का, रस्त्यावर मला देता येत नाही, सही घराच्या दारातच घ्यावी लागते. मी घरी, आतल्या खोलीत होते. बाहेर गेले नाही.

आईने विचारले, सही कुठे करायची? पाकीट घेऊन, चपला घालून ती स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. परत आल्यावर चपला काढता काढता, मी विचारलेले नसताना, म्हणाली:

"एक घेतलं म्हणजे हो नव्हे."

मी ते हो म्हणून धरलेले नाही. (अ) आणि (आ) दोन्ही वर जसेच्या तसे ठेवले आहेत.

मी जिवंत असेन तोवर घर माझे आहे आणि कायद्याने माझी एकटीची संमती पुरते. आईच्या होकाराशिवाय ती मी वापरणार नाही. दिवसभर मी कामावर असते. टपालवाल्याला दार आईच उघडणार. जे दार तिला उघडायचे आहे त्याचा करार मी करणे बरोबर नाही.

कलम ८. माझी तांत्रिक पुस्तके वाचनालयाच्या संदर्भ विभागाला, घरी न नेण्याच्या अटीवर. मोटरींच्या पुस्तकातली वायरिंगची आकृती कुणीतरी ब्लेडने कापून नेली आहे. माझ्याकडून ते पुस्तक नेलेल्या माणसाने ती परत चिकटवावी. तो कोण हे मला माहीत आहे आणि तो मुख्य स्विच पाडण्यात पटाईत आहे.

कलम ९. माझ्यामागे ज्या कागदांवर माझा पत्ता लिहावा लागेल, त्या सर्वांवर घरचा लिहावा. आईच्या पाटीवरचा.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. साक्षीदारांपैकी कुणालाही यातून काही मिळत नाही. म्हणूनच बाई, चिटणीस आणि जोडीदार यांना साक्षीला घेतलेले नाही, आणि त्याबद्दल जोडीदार रुसला आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिल्या: डॉक्टर, अपघात विभाग (सही)

साक्षीदार दुसरे: या भागाचे टपालवाले (सही)

ठिकाण: सार्वजनिक वाचनालय, वाचनखोली
दिनांक: १४ मार्च २०२५, शुक्रवार

सोबत, आईसाठी.

आई, याची एक प्रत तुझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली आहे. समोर बसून मला हे बोलता आले नसते, आणि तूही मध्येच उठून गॅसकडे गेली असतीस. नवऱ्यांबद्दल तू विचारलेस त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तुला सुचले तर सांग, मी अटींत घालीन. हो म्हणालीस तर मीही संमती लिहून देईन आणि खोली माझ्या मरणाची वाट न पाहता लगेच सुरू होईल. नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही आणि इस्त्रीवालीला स्वतः जाऊन सांगेन.

सोमवारी सकाळी मी शाफ्टमध्ये उतरणार आहे. त्याआधी हा कागद एकतर (अ)चा असावा किंवा (आ)चा. हो की नाही, ते रविवार, सोळा तारखेला संध्याकाळपर्यंत मला कळव.